मोगलाई : अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा

मराठीच्या पेपरात हा प्रश्न ठरलेला. मी रेणापूरच्या शाळेत मराठी शिकवायची, लातूरहून रोज एसटीनं जाऊन-येऊन, आणि या प्रश्नाची उत्तरं तपासण्यात माझा जन्म गेला. मोगलाई माजणे : अंदाधुंदी होणे, कायदा न उरणे. पुढं वाक्य. पोरं वाक्यं झकास लिहायची. बाई वर्गात नसल्या की मोगलाई माजते. हापशावर मोगलाई माजली. अर्थ बरोबर, उपयोग बरोबर, मी मार्क देऊन मोकळी व्हायची. आता निवृत्त झाल्यावर हा शब्द कानावर आला की मला एकच वाक्य आठवतं, आणि ते माझ्या आईचं आहे. त्याला मार्क द्यायचे म्हटले तर माझा हात चालत नाही.

आमचं घर लातूरच्या जुन्या गावात. वडील कचेरीत कारकून. भिंतीला भिंत लावून गादीवाल्यांचं घर होतं. चाचा कापूस पिंजायचे आणि त्यांची बायको गाद्या-रजयांना टाके घालायची. तिला सगळी गल्ली खाला म्हणायची. माझी आईसुद्धा खालाच म्हणायची, जरी दोघी एकाच वयाच्या होत्या. खाला आईला ताई म्हणायची. दुपारी गडीमाणसं कामाला गेली की दोघींचा ओटा एक व्हायचा. आई गहू निवडतेय, खाला उशीला टाके घालतेय आणि मी कापसाच्या ढिगात लोळून दोघींचा मार खातेय, असे ते दिवस होते.

आईच्या तोंडात मोगलाई हा शब्द तेव्हापासूनचा. आम्ही भावंडं भांडलो, दूधवाल्यानं पाणी घातलं, नळाला कुणी मधेच कळशी लावली, की आई कमरेला पदर खोचून म्हणायची, 'मोगलाई लागून गेली काय?' ती हा शब्द पुस्तकातून शिकली नव्हती. निजामाच्या शेवटच्या दिवसांत तिच्या बापाला गाव सोडून सरहद्दीपल्याड बार्शीकडं पळावं लागलं होतं. मागं घर लुटलं गेलं, दारातली बैलजोडी सोडून नेली. ते सगळं आई मोठ्या माणसांकडून ऐकत वाढली. कुणाला विचारायची सोय नाही, कुणाकडं दाद मागायची नाही, अशा काळाचं नाव तिच्या घरात मोगलाई होतं.

एकदा आई आमच्यावर हा शब्द घेऊन ओरडली, तेव्हा ओट्यावर खाला होती. ती दातानं दोरा तोडत हसली. म्हणाली, 'ताई, मोगलाई तो कवाच गेली. आता हाय ती तुमचीच हाय.' आईही हसली आणि विषय संपला.

पण नंतर एके दिवशी मी एकटी सापडल्यावर खालानं मला तिची गोष्ट सांगितली. तिच्या घरात त्या काळाला ॲक्शन म्हणायचे. पोलीस ॲक्शन झाली, भारताची फौज आली, निजाम गेला आणि मधले काही दिवस कुणाचंच राज्य नव्हतं. खाला अगदी लहान होती. शेजारच्या पाटलीणबाईंनी तिला भिंतीतल्या बळदात, ज्वारीवर बसवून ठेवलं, वरून झाकण घातलं आणि रडलीस तर बघ म्हणून दम दिला. ती रडली नाही. बाहेर आल्यावर तिचे अब्बा घरात नव्हते, आणि ते पुढं कधीच आले नाहीत. 'आमची बी मोगलाईच की बेटा, फक्त नाव दुसरं,' ती म्हणाली आणि सुईत दोरा घालायला माझ्याकडं दिली, कारण तिला त्या वेळी दिसत नव्हतं.

मी हे घरी येऊन आईला सांगितलं.  तिनं कानाला खडा लावला. पुढं खाला समोर असली की आईच्या ओठावर आलेला तो शब्द मागं फिरायचा. मी पाहिलेलं आहे. 'मो' म्हणायची आणि 'मोठा ताप हाय बाई' असं काहीतरी करून वेळ मारून न्यायची. जिभेला हाड नसतं म्हणतात, पण माझ्या आईनं वर्षानुवर्षं तिला आवरून धरलं. म्हणून मला पुढचं जास्त लागलं.

आता एक रिवाज सांगते, त्यावाचून पुढचं कळायचं नाही. आमच्या घरात अंडंसुद्धा येत नव्हतं आणि आई दुसऱ्यांच्या घरचं शिजलेलं खात नव्हती. खालाला हे माहीत होतं, आणि तिनं ते कधी मनावर घेतलं नाही. रमजान ईदीला तिच्याकडून ताट यायचं, वर विणलेला रुमाल. ताटात शिरखुर्मा नसायचा. ताटात कोरडा शिधा असायचा : शेवया, साखर, खोबऱ्याची वाटी, खारका, चारोळी. आई तो आपल्या चुलीवर शिजवून आम्हाला वाढायची आणि ताटाला हळदीकुंकवाचं बोट न लावता, त्यात नुसते चार पेढे ठेवून ते परत पाठवायची. दिवाळीला मात्र आमच्याकडून त्यांना तयार फराळ जायचा. त्यांच्यात चालतं, आई म्हणायची. गल्लीत सगळ्यांचं असंच होतं. कुणाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं, मलाही नाही.

मग भूकंप झाला. गणपती बुडवून गाव झोपलं होतं आणि पहाटे जमीन हलली. आमच्या गल्लीतल्या घरांना भेगा गेल्या, खालाच्या घराची मागची भिंत बसली, पण माणसं वाचली. सगळे शाळेच्या मैदानात येऊन पडलो. आईचं माहेर मात्र किल्लारीकडं होतं. दगडामातीची घरं, वर मातीचं धाबं. वडील कचेरीच्या जीपनं तिकडं गेले आणि परत आले तेव्हा त्यांच्या चपलांना नुसती माती होती. त्यांनी आईसमोर बसून सांगितलं की गावात आपलं कुणी राहिलं नाही. आई, बाप, भाऊ, भावजय, त्यांची लेकरं. सगळ्यांना एकत्र अग्नी दिला. आईला तोंडसुद्धा बघायला मिळालं नाही.

आई लिंबाखाली बसली ती बसलीच. रडली नाही, पाणी घेतलं नाही. आमच्याकडं मयताच्या घरी चूल पेटत नाही. भावकीनं नाहीतर सोयऱ्यांनी पिठलं-भाकरी करून आणायची आणि पहिला घास आपल्या हातानं भरवायचा. त्याला कडू घास म्हणतात. पण घास आणणारं माहेरच गेलं होतं. वडिलांची भावकी लांबची, आणि त्या दिवसांत ज्याला त्याला आपापलं रडणं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी खाला आली. तिच्या हातात ताट होतं आणि त्यावर तोच विणलेला रुमाल. रुमाल काढला तर आत ज्वारीचं पीठ, बेसन, मिरच्या, मीठ. सवयीनं तिनं कोरडा शिधाच आणला होता. पडक्या घरात शिरून, डब्यातलं पीठ चाळून घेऊन आली होती. 'ताई, चाळून आणलंय,' ती म्हणाली. जिनं चूल पेटवायची नाही तिच्यापुढं ती कच्चं पीठ धरून उभी होती. असली चूक आमच्या गल्लीतल्या माणसाशिवाय कोण करणार?

आईनं ताटाकडं पाहिलं आणि मग खालाकडं. 'मी कशी चूल पेटवू गं? माझे सगळे गेले,' ती म्हणाली. खालाच्या लक्षात आलं तशी तिनं जीभ चावली. ताट घेऊन वळणार, तोच आई म्हणाली, 'तूच कर, खाला. तूच भरव.'

खालानं तीन दगड मांडले. मी काटक्या गोळा केल्या. तिनं भाकरी थापली, पिठलं ढवळलं आणि लिंबाखाली बसून आईच्या तोंडात घास घातला. आईनं तो गिळला आणि तेव्हा कुठं तिला रडू फुटलं. खालाच्या मांडीवर डोकं घालून ती इतकी रडली की मैदानातल्या बायका लांबून उठून आल्या. पुढं वडिलांचा एक चुलतभाऊ सांत्वनाला आला. त्याला हे कळलं तेव्हा तो पुटपुटला, काय मोगलाई आहे, कुणाच्याही हातचं खायचं का? आईनं मान वर केली आणि त्याला विचारलं, 'तुम्ही कुठं होता घास घेऊन यायला?' तो चहा न घेता गेला. त्या दिवशी मला माझ्या आईचा एवढा अभिमान वाटला.

त्यानंतर शिध्याचा विषय मिटला. ईदीला शिरखुर्मा शिजून यायचा आणि आई पहिली वाटी स्वतः घ्यायची. माझं लग्न लातुरातच झालं. तेव्हा माहेरची म्हणून आईला साडी नेसवली ती खालानं. पुढं चाचा वारले आणि खालाच्या मुलानं हिमायतनगरला सासऱ्यांच्या गावी गादीचं दुकान टाकलं. खालाही तिकडं गेली. पण ईद झाली की आठ-दहा दिवसांत ती शेवया-खारका पिशवीत घालून लातूरला यायची, आमच्या स्वयंपाकघरात शिरून आमच्या गॅसवर शिरखुर्मा करायची आणि आईजवळ मुक्काम करून जायची. मी वडिलांना म्हणायची, तुमच्यापेक्षा आईला खालाची जास्त वाट असते. ते 'हाव, खरंय' म्हणायचे आणि पेपर वाचायचे.

वडील गेले. त्याच सुमाराला लातूर बदलत चाललं होतं. पहिल्यांदा कॉलेजं, मग शिकवण्या, मग चौकाचौकात गुणवंतांच्या फोटोंचे फलक. जिल्ह्याजिल्ह्यातून पोरं येऊन राहिली. ज्याच्याकडं रिकामी भिंत त्यानं खोल्या काढल्या. आईनंही भेगा बुजवून वर मजला चढवला आणि मुलींना ठेवायला लागली. डॉक्टर व्हायला आलेल्या मुली, औशाच्या, निलंग्याच्या, अहमदपूरच्या. आई त्यांना वाढायची, कुणाला ताप आला की उशाशी बसायची. एकटीच्या घराला पुन्हा जाग आली होती, याचं मला बरंच वाटायचं.

तिनं दारात एक पाटी लावली होती. मांसाहार बंद. मोठ्यानं बोलणं बंद. सातनंतर बाहेर जाणं बंद. पाहुणे बंद. मी एकदा म्हटलं, आई, श्वास घेणं चालू आहे ना? ती चिडली. म्हणाली, 'दुसऱ्याच्या लेकी हायत. नियम नसला तर मोगलाई होईल.' ती आता हा शब्द पुन्हा मोकळेपणानं वापरत होती. खाला लांब होती.

पोरींचे आईबाप खोली बघायला यायचे. पाटी वाचून खूश व्हायचे आणि जाता जाता आवाज खाली करून विचारायचे, आजी, सगळ्या आपल्याच मुली आहेत ना? आई म्हणायची, हाव, सगळ्या आपल्याच. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला काही वाटलं नाही. पण प्रश्न सारखा यायला लागला आणि आईचं उत्तर दर वेळी आधीपेक्षा लवकर यायला लागलं.

आणि एका वर्षी दहावीचे निकाल लागल्यावर खाला आली. मी रेणापूरहून परतताना सहज आईकडं वळले, तर ओट्यावर खाला बसलेली, शेजारी तिची नात, आणि भिंतीला टेकून दोरीनं बांधलेली नवी कोरी गादी. एसटीच्या टपावर टाकून आणली होती. नात दहावीला तालुक्यात वर आली होती, तिला डॉक्टर व्हायचं होतं. खालानं मुलाला सांगितलं होतं की लातूरला माझी ताई आहे, काळजी करू नको. तिनं आधी फोनसुद्धा केला नव्हता. माहेरी जाताना कुणी विचारून जातं का? मुलगी शांत होती, लांब वेणी, मांडीवर पुस्तकांची पिशवी. ती दारातली पाटी वाचत होती.

आई आतून बाहेर आली ती पाण्याचा तांब्या घेऊन. पाणी दिलं, हालहवाल विचारली, पोरीच्या डोक्यावरून हात फिरवला. मग बसली आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.  खाला म्हणाली की पोर इथं असेस्तोवर आमचं काही खाणार नाही, तू जे वाढशील ते खाईल, सातच्या आत घरात असेल. आई म्हणाली, तसं नाही गं. खाला म्हणाली, मग कसं?

आईनं खालाकडं बघितलं नाही. ती पाटीकडं बघून म्हणाली, 'नियम म्हणजे नियम. एकीला सोडलं की सगळी मोगलाई होती.'

तो शब्द तिनं खालाच्या तोंडावर टाकला. इतकी वर्षं गिळलेला, बरोबर त्या दिवशी. मला वाटलं ओट्याची फरशी उचलावी आणि कुठंतरी आपटावी. मी आईला म्हटलं, काय बोलून राहिलीस? तुझं तुला कळतंय का? आई म्हणाली, 'तू मधी पडू नको.' मग मी खालाला म्हटलं की पोर माझ्याकडं राहील, माझ्या घरात खोली आहे, आत्ता चला.

खाला उठली. तिनं माझ्या गालावरून हात फिरवला. 'तुझं घर तुझं हाय, बेटा,' ती म्हणाली. 'मी ताईच्या घरी आले होते.'

तिनं नातीला चपला घाल म्हणून सांगितलं. गादी उचलायला गेली, मग थांबली आणि आईला म्हणाली, राहू दे, तुझी कंबर दुखती. एवढंच. त्यात राग नव्हता, टोमणा नव्हता, आणि म्हणूनच मला तिथं उभं राहवेना. मी त्यांना स्टँडवर सोडायला गेले. वाटेत ओळखीच्या दोन-चार ठिकाणी खोली विचारली. खोली रिकामी असायची, आणि मुलीचं नाव सांगितलं की भरलेली असायची. शेवटी मुलगीच म्हणाली, दादी, चल घरी. नांदेडच्या गाडीत त्यांना बसवून मी परत आले. आईशी मी बरेच दिवस बोलले नाही. ती मुलगी डॉक्टर झाली नाही. पुढं नांदेडला नर्सिंग शिकली, असं कळलं.

पुढची ईद झाली. आई रोज ओट्यावर बसायची. खाला आली नाही. नांदेडहून येणाऱ्या एका कंडक्टरच्या हाती पिशवी आली. आत शेवया, साखर, खोबऱ्याची वाटी, खारका, चारोळी, आणि वर तो विणलेला रुमाल. कोरडा शिधा. आईनं पिशवी मांडीवर घेतली आणि एकेक पुडी हातात घेऊन परत ठेवली.  खालानं तिला एक शब्द ऐकवला नव्हता. तिनं फक्त आमचा जुना रिवाज आम्हाला परत केला होता. आईनं तो शिधा शिजवला नाही. दर वर्षी पिशवी येत राहिली आणि फडताळात पुड्या साठत राहिल्या, जाळी लागेपर्यंत. मी एकदा म्हटलं, जाऊन ये की तिच्याकडं, मी येते सोबत. आई म्हणाली, कोणत्या तोंडानं?

गेली ती शेवटी खाला गेल्यावर. तिच्या मुलाचा फोन आला तेव्हा मी तिथंच होते. आईनं ऐकलं, आत गेली आणि पिठाचा डबा काढला. ऐंशीची बाई, गुडघ्यात जीव नाही, पण भाकरी तिनं स्वतः थापल्या, मला हात लावू दिला नाही. पिठलं स्टीलच्या डब्यात भरलं, भाकरी फडक्यात बांधल्या. आम्ही एसटीनं नांदेडला, तिथून रेल्वेनं निघालो. मुदखेडला गाडी बराच वेळ थांबली. शेजारची बाई म्हणाली, म्हातारे, डबा खाली ठेव, किती वेळ धरशील? आईनं ठेवला नाही.

हिमायतनगरला पोचलो तेव्हा माती होऊन गेली होती. दुकानाच्या मागं घर, अंगणात सतरंजी, बायका बसलेल्या. आम्हाला बघून ती मुलगी उठून आली. आता मोठी झालेली, वेणी तशीच. तिनं आईला धरून आत नेलं, पाठीला उशी दिली. आईनं डबा पुढं केला. म्हणाली की तुमच्यात काय करतात मला माहीत नाही, आमच्यात घास आणायचा असतो. माझ्या वेळेला तुझ्या दादीनं आणला होता.  मग तिनं विचारलं, 'खाशील का, बाळा, माझ्या हातचं?'

मुलीनं डबा उघडला, भाकरीचा तुकडा मोडला. 'खाईन की, आजी,' ती म्हणाली. 'आमच्यात चालतं.'

तिनं ते अगदी साधेपणानं म्हटलं. टोचून बोलायचा तिचा हेतू नव्हता, हे मी शपथेवर सांगेन. आईनं तिला घास भरवला. तिनं खाल्ला, मग सगळ्या बायकांना थोडं थोडं वाढलं, डबा घासून पुसून आणून दिला. मयताच्या घरचा डबा भरून देत नाहीत. तो रिकामाच होता.

परतीची गाडी उशिरा होती. स्टेशनवरच्या बाकावर आम्ही दोघी बसलो. आईच्या मांडीवर रिकामा डबा.  इतक्या वर्षांचा माझा राग कुठं गेला होता कुणास ठाऊक. आता ते सुरकुतलेले हात बघून नुसतं वाईट वाटत होतं.

आई म्हणाली, 'पाटीवर तसं काही नव्हतंच गं लिहिलेलं.'

मी म्हटलं, 'नव्हतं.'

'वरची खोली रिकामी होती.'

'हाव आई,' मी म्हटलं. 'रिकामी होती.'